कोतवालाचा जाब कोण घेणार?

घाशीराम कोतवाल हे नाव आपल्याकडे आज प्रामुख्याने विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे ठाऊक आहे. त्यापूर्वी १८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले होते. नाटकाने वाद पुष्कळ निर्माण केले; पण नानांची प्रतिमा उजळली की मलिन झाली, या एकाच प्रश्नाभोवती ते फिरत राहिले. शासनाच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्या प्रकरणातला निराळाच भाग अधिक विचारात पाडतो. चौदा वर्षे एका अंमलदाराविरुद्ध लोक कुरकुरत होते, आणि ती कुरकुर दप्तरात कोठेच पोहोचत नव्हती, ती का?

घाशीराम सावळदास हा उत्तरेकडचा ब्राह्मण. इ.स. १७७७ मध्ये त्याला पुण्याची कोतवाली मिळाली. काळ मोठा नाजूक होता. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांचा पक्ष अद्याप जिवंत होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई आपल्या धारच्या किल्ल्यात आश्रयास होत्या आणि तेथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला, हे धारच्या वाचकांस सांगावयास नको. इंग्रज दादांच्या पाठीशी होते. अशा वेळी कारभाऱ्याला शहरात कोण आले, कोणाकडे उतरले, काय बोलले, हे रोजच्या रोज कळणे अगत्याचे वाटते. बातमी आणून देणारा अंमलदार वरिष्ठांना प्रिय होतो आणि त्याच्याविषयीची बातमी मात्र कोणी आणीत नाही. घाशीरामाचे बळ यात होते, असे माझे मत आहे. नाटकातली कन्या ही नाटककाराची गरज. इतिहासाला तिची गरज पडत नाही.

कोतवालीचा अधिकार किती मोठा होता याची कल्पना पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या टोन नावाच्या युरोपीय अधिकाऱ्याच्या लिखाणावरून येते. रात्री दहाला तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले धरीत व सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. एकदा खुद्द पेशव्यांनाच रात्रभर असे बसावे लागले, असेही तो लिहितो. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पुणेकरांना ती शक्य वाटत होती हे महत्त्वाचे. पेशव्याला अडकविणाऱ्या चौकीला विचारणारे मात्र कोणी नव्हते.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस श्रावणातल्या दक्षिणेच्या निमित्ताने पुण्यात आलेले तेलंग ब्राह्मण कोतवालाच्या माणसांनी धरले. त्यांच्यावर फळे चोरल्याचा आळ होता. तिसाहून अधिक माणसे अरुंद, वारा न लागणाऱ्या जागेत कोंडली गेली आणि त्यांतली वीसहून अधिक गुदमरून मेली. ते चोर होते, असे कोतवालाने वर सांगितल्याचे म्हणतात. कोठडीत माणूस मेल्यावर त्याला आधी चोर ठरविण्याची ही रीत इंग्रजी अमलाने आणली नाही, एवढे यावरून दिसते. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले तेव्हा प्रकार उघडकीस आला. नानांच्या वाड्यापुढे जमाव लोटला. नाना आरंभी डगमगले. शेवटी घाशीरामाची धिंड निघाली आणि तेलंगांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट याने ही हकिकत त्याच वेळी कळविली होती.

याला न्याय म्हणणारे अनेक आहेत. मला तसे म्हणवत नाही. चौदा वर्षांच्या कारभाराचा हिशेब एका दिवसात दगडांनी चुकता झाला. जबान्या झाल्या नाहीत, कोणाच्या हुकमाने किती दिवस काय चालले हे कागदावर आले नाही, आणि ज्यांनी प्रत्यक्ष दार लावले त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत.

आणि पद्धत तर तशीच राहिली. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने पेशवाईच्या अखेरच्या काळातील पुण्याच्या पोलीस व्यवस्थेचे वर्णन केले आहे. कोतवालास दरमहा ९,००० रुपये मिळत. त्यातून प्यादे, घोडेस्वारांची गस्त व रामोशी बाळगावयाचे, आणि शहरात चोरी झाल्यास मालाची भरपाईही त्यानेच करावयाची. वरवर पाहता यापेक्षा कडक जबाबदारी कोणती? पण एल्फिन्स्टन पुढे लिहितो की, ही जागा किफायतीची समजली जाई. कारण हाताखालच्यांचे पगार अगदी कमी असत आणि कोतवाल व त्याची माणसे उणीव गुप्त वसुलीने भरून काढीत. म्हणजे चोरीला गेलेल्या भांड्याचा हिशेब होता, कोठडीतल्या माणसाचा नव्हता. ठोक रक्कम देऊन सरकारने डोळे मिटले की काय होते, हे तालुक्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आपल्या देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन दरबार आणि दोन अंमल. तक्रार कोणत्या दारी न्यावी, हाच पहिला प्रश्न. १९४८ मध्ये दोन्ही पात्या आणि धार मध्यभारतात विलीन झाल्या.

ब्रिटिश मुलखात १८६१ च्या पोलीस कायद्याने जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हादंडाधिकाऱ्याच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवले. हेतू सत्ता टिकविण्याचाच होता. पण निदान पोलिसाबाहेरचा एक डोळा त्यावर राहिला. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे घाशीरामानंतर दोनशे चौदा वर्षांनी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर राज्य व जिल्हा पातळीवर पोलिसांविरुद्ध तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. प्रकाश सिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. खात्याचे दोष खात्यातला माणूसच अचूक जाणतो, फक्त तो बहुधा निवृत्तीनंतर बोलतो.

डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर व भोपाळ येथे पोलीस आयुक्तालये झाली आणि दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार पोलिसांकडेच गेले. बंदोबस्ताला त्याने गती आली असेल. धार आणि देवास येथे मात्र त्या वेळी जुनीच व्यवस्था कायम राहिली. तेथे जमावबंदीच्या हुकमावर सही दंडाधिकाऱ्याचीच लागत होती.