रेक्टर : एक पदनाम, अनेक अर्थ

'रेक्टर' म्हटले की मराठी माणसाला आधी वसतिगृह आठवते. रात्री हजेरी घेणारे, उशिरा आलेल्यांची कारणे ऐकणारे आणि घरी कळवण्याची धमकी देणारे ते रेक्टर. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत याच कामाला 'गृहपाल' असा शब्द आहे; महाविद्यालयांच्या वसतिगृहांत मात्र रेक्टरच रुळला. त्यामुळे इटली किंवा पोलंडहून शिकून आलेल्या मुलाच्या पदवीपत्रावर रेक्टरची सही दिसली की घरातले वडीलधारे बुचकळ्यात पडतात. पदवीवर हॉस्टेलवाल्याची सही कशी?

शब्द लॅटिन आहे. 'रेगेरे' म्हणजे सरळ मार्गावर ठेवणे, कारभार चालवणे; त्यावरून रेक्टर, म्हणजे चालवणारा. लॅटिन 'रेक्स' आणि आपले 'राजन्' व 'ऋजु' हे शब्दही याच कुळातले. एड्रियाटिक किनाऱ्यावरील डुब्रोवनिक या जुन्या प्रजासत्ताकाचा प्रमुख रेक्टरच असे. त्याची मुदत फक्त एक महिन्याची, आणि त्या महिन्यात राजकाजाशिवाय त्याला वाड्याबाहेर पडण्याची मुभा नसे!

विद्यापीठांतला अर्थ मध्ययुगातला. बोलोन्याला विद्यार्थ्यांचे संघ आपला रेक्टर स्वतः निवडत आणि प्राध्यापकांनाही त्याचा अधिकार मानावा लागे. आज युरोपातील बहुतेक देशांत रेक्टर म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, आपल्या भाषेत कुलगुरू. जर्मनीत मात्र काही विद्यापीठांच्या प्रमुखाला रेक्टर म्हणतात, तसेच प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकालाही. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत बोलोन्याची आठवण टिकून आहे: तिथे रेक्टर मतदानाने निवडतात, विद्यापीठाचा रोजचा कारभार मात्र प्रिन्सिपल पाहतात. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग 1922 ते 1925 या काळात सेंट अँड्र्यूजचे असेच निवडून आलेले रेक्टर होते.

ख्रिस्ती धर्मसंस्थेतले रेक्टर वेगळे. इंग्लंडच्या चर्चमध्ये पूर्वी गावच्या उत्पन्नाचा धर्मदशांश पूर्ण मिळणारा तो रेक्टर आणि त्यातला लहान वाटा मिळणारा तो व्हिकर. कॅथलिक परंपरेत सेमिनरीचा किंवा जेझुइट कॉलेजचा प्रमुख रेक्टर असतो. हा अर्थ गोव्यातील मराठी वाचकाला परका नाही. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स हे साष्टीतील जेझुइट कॉलेजचे काही काळ रेक्टर होते. म्हणजे 1616 साली रायतूरला छापल्या गेलेल्या या मराठी ग्रंथाचा कर्ता एक रेक्टर होता, वसतिगृहाचा नव्हे एवढेच.

गोव्यात आणखी एक घोटाळा होतो. पोर्तुगीज अमलात पणजीच्या लिसेवच्या प्रमुखाला 'रेइतोर' म्हणत. पोर्तुगालमधल्या विद्यापीठाच्या प्रमुखालाही हाच शब्द. आजोबांच्या पेटीतून निघालेल्या लिसेवच्या दाखल्यावर 'रेइतोर' असेल, तर त्याचे भाषांतर 'मुख्याध्यापक' किंवा 'प्राचार्य' असे करावे. 'कुलगुरू' लिहिल्यास शाळेचा दाखला विद्यापीठाचा होऊन बसतो, आणि वारसा किंवा नागरिकत्वाच्या कामात अशा चुकीच्या भाषांतरावर शंका येऊ शकते. उलट पोर्तुगालमधल्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर 'रेक्टर' तसेच ठेवले, तर इथला कारकून ते वसतिगृहाचे पत्र समजण्याचा संभव आहे. तेव्हा आधी संस्था कोणती ते पाहावे, मग शब्द निवडावा.

भारतात काही विद्यापीठांत रेक्टर हे कुलगुरूंच्या खालचे पद आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एकापेक्षा अधिक रेक्टर असतात. तिथे 'प्र-कुलगुरू' हा मराठी शब्द जवळचा.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना एक जादा सूचना. मराठीत चान्सलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. हिंदीत आजवर चान्सलरला कुलाधिपती आणि व्हाइस चान्सलरला कुलपती म्हणत आले आहेत. मध्य प्रदेशाने 2024 मध्ये 'कुलगुरू' स्वीकारला, पण त्याआधीच्या कागदांवर जुनेच शब्द आहेत. जुन्या हिंदी पदवीपत्रावरचा 'कुलपति' मराठीत तसाच उतरवला, तर सही कुलगुरूंची असून ती राज्यपालांची वाटेल.