बंद घराची पाणीपट्टी

गेल्या महिन्यात गावाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आमच्यातला गावात राहणारा एकमेव. पाऊस, भात, गुरं सगळं बोलून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "पाणीपट्टीची नोटीस आलीय. तुमच्या वरच्या घराची. तीन वर्षांची थकलीय. नळ तोडणार नाहीत लगेच, पण ग्रामसभेत नावं वाचतात. बरं नाही दिसत."

वरचं घर म्हणजे आजोबांनी बांधलेलं, चार भावांचं सामायिक, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप असलेलं. कोकणातल्या वाचकांना जास्त सांगायला नको.

मी नोटिशीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि जे व्हायचं तेच झालं. डोंबिवलीच्या काकांनी लिहिलं, "वर्षात वीस दिवस राहतो आपण. बारा महिन्यांची पट्टी कशाची?" एका आत्येभावाचं म्हणणं, "टाकी बांधायला पैसे मुंबईच्या मंडळाने दिले तेव्हा कुणी नोटीस पाठवली नव्हती." एक जण फक्त हात जोडलेलं चित्र टाकून गप्प झाला. (तो प्रत्येक वादात हेच करतो आणि बहुतेक तोच सर्वांत शहाणा आहे.)

मीही आधी काकांच्याच बाजूचा होतो. पण मग पाणीपट्टी ही भानगड आमच्याकडे आली कधी आणि कशी, हे जरा शोधायला बसलो, आणि माझं मत हळूहळू सरकलं.

काका नेहमी म्हणतात, "पूर्वी पाण्याला कुठे पैसे पडत होते?" खरं आहे. विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला पावती नव्हती. पण पाणी फुकट नव्हतं. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की आजी पहाटे तीनला उठून पऱ्यातल्या डवऱ्यावर जायची, वाटी वाटीने पाणी भरायची. ती किंमत फक्त कुठल्या वहीत लिहिलेली नाही. आणि ते पाणी सगळ्यांचंही नव्हतं. आमच्या कोकणातल्याच महाडला नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. तेव्हा 'पूर्वीचं फुकट पाणी' म्हटलं की मी हल्ली विचारतो, कुणाला फुकट? प्रत्येक वाडीत नळ आणि प्रत्येक घराच्या नावाने एकच दराची पावती, यात मला काही वाईट दिसत नाही.

आता चाकरमानी. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातली माणसं ओढून नेली. आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने ही माणसं गणपतीला, शिमग्याला आणि मेमध्ये परत येत राहिली. पण तेव्हा घरं बंद नव्हती. बापई मुंबईत, बाई-मुलं-म्हातारी गावात, दर महिन्याला मनीऑर्डर. १९८२ च्या संपानंतर काही परत आले, पण पुढच्या पिढीने बायका-मुलांना उपनगरात नेलं आणि घराला कुलूप लागलं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क कमी झाली. रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची वाढत असताना! म्हणजे पाईप टाकले जात होते त्याच काळात त्या पाईपांच्या शेवटची माणसं कमी होत होती. आजच्या भांडणाचं मूळ इथे आहे.

कायदा मात्र त्याआधीचा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पाण्याच्या दोन पट्ट्या आहेत. एक सामान्य पाणीपट्टी, जी घरांवर आणि जमिनींवर बसवता येते. दुसरी विशेष पाणीपट्टी, नळाने मिळणाऱ्या पाण्याची, आणि ती ठरवताना निरनिराळ्या परिस्थितीला साजेशी पद्धत लावायची मुभा आहे. मला हे वाचून गंमत वाटली. गाव आहे म्हणून द्यायचे पैसे वेगळे आणि नळ आहे म्हणून द्यायचे वेगळे, हा फरक कायदा करणाऱ्यांना तेव्हाच सुचला होता. आपण मात्र एकच आकडा धरून भांडतो.

योजना खऱ्या अर्थाने आल्या त्या १९७२ च्या दुष्काळानंतर. सरकारने विंधण विहिरी खणायच्या, टाक्या बांधायच्या आणि निघून जायचं. पंप बिघडला की सरकारनेच यायचं. तो कधी यायचा ते विचारू नका. मग विचार बदलला. २००२ च्या डिसेंबरात केंद्राची स्वजलधारा आली, २००३ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर महाराष्ट्राचं जलस्वराज्य आलं. नियम असा, की बांधकामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा, आणि नंतर चालवण्याचा खर्च सगळाच गावाने.

हा १० टक्के वाटा कोकणात कुणी दिला? पुष्कळ गावांत मुंबईच्या मंडळांनी. आमच्या वाडीचा तर दिलाच. परळच्या एका खोलीत बैठक व्हायची, घरटी वर्गणी ठरायची, आणि वडील पगाराच्या दिवशी ती बाजूला काढून ठेवायचे. त्यामुळे आत्येभाऊ म्हणतो ते खोटं नाही. टाकीवरच्या संगमरवरी पाटीवर मंडळाचं नाव आहे. पण टाकी बांधणं एकदाचं असतं आणि पंप रोजचा. पंप चालवणाऱ्याचा पगार, विजेचं बिल, जळलेली मोटर, फुटलेला पाईप, टीसीएल पावडर हे सगळं त्या १० टक्क्यांत नव्हतं. पाटीवरचं नाव पंपाचं बिल भरत नाही, असं दादा एकदा म्हणाला होता. तेव्हा मला राग आला होता.

इथे जरा लांबचा माणूस आणतो. जॉन हॉपकिन्सन नावाचे एक इंग्रज अभियंते होते. त्यांनी १८९२ मध्ये विजेचा दर कसा लावावा यावर एक भाषण दिलं. मुद्दा साधा होता. ग्राहक बटण केव्हाही दाबेल म्हणून वीजघराला बॉयलर तापवून, माणसं ठेवून तयार राहावं लागतं. हा तयार राहण्याचा खर्च ग्राहकाने दिवा लावला नाही तरी होतोच. म्हणून तयारीचे पैसे वेगळे घ्या आणि वापराचे वेगळे. आज आपल्या वीजबिलात जो स्थिर आकार असतो, त्याचं मूळ या विचारात आहे. (हे हॉपकिन्सन १८९८ मध्ये सुट्टीत आल्प्समध्ये चढाई करताना तीन मुलांसह दरीत कोसळून गेले. विषयाशी संबंध नाही, पण वाचल्यापासून मनातून जात नाही.)

आता हेच वाडीला लावून बघू. समजा १०० घरं, त्यातली ४० बंद, आणि वर्षाचा खर्च १ लाख. सरसकट घरटी हजार. काका म्हणतात तसं बंद घरांनी वीस दिवसांचेच भरले, तर प्रत्येकी ५५ रुपये होतात आणि उरलेला बोजा ६० चालू घरांवर पडून त्यांची पट्टी १६३० वर जाते. खर्च एक पैशाने कमी झालेला नसतो. पण लाखातले ७० हजार तयार राहण्याचे धरले आणि ३० हजार विजेसारखे वापराप्रमाणे होणारे धरले, तर तयारीचे सगळ्यांना ७०० आणि वापराचे राहिल्या दिवसांप्रमाणे. बंद घराला सुमारे ७२५ आणि चालू घराला सुमारे ११८०. म्हणजे काकांची सूट त्यांना वाटते त्याहून फार लहान निघते. निघते, पण शून्य नाही.

पण हेही पुरतं खरं नाही, कारण सगळे दिवस सारखे नसतात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून तो समुद्राकडे पळून जातो. गणपतीला आलेला चाकरमानी कितीही पाणी वापरो, विहीर काठोकाठ असते. मेमध्ये तीच विहीर तळाला, आणि नेमके तेव्हाच आम्ही येणार. एका घरात बारा-बारा माणसं, दिवसातून दोनदा आंघोळ, मुंबईहून आणलेली गाडी धुवायची, कलमांना पाणी. दादाच्या वाडीला तेव्हा दिवसाआड पाणी येतं आणि ते आमच्यामुळे दोन दिवसांआड होतं. टाकी केवढी बांधायची, विहीर किती खोल न्यायची, हे वर्षभर राहणाऱ्या एकट्या म्हातारीच्या दोन हंड्यांवरून ठरत नाही, आमच्या मे महिन्यावरून ठरतं. आमचे वीस दिवस वर्षातले सगळ्यात महाग वीस दिवस आहेत.

काकांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तू काय ग्रामसेवक झालास काय?" :-)

मग मी त्यांना त्यांच्या मुंबईतल्या जुन्या खोलीची आठवण करून दिली. मुंबईच्या मालमत्ता करात जललाभ कर म्हणून एक ओळ असते. पाण्याची सोय आहे म्हणून द्यायचा कर. काका आयुष्यभर भाड्यातून, मग सोसायटीतून असले कर भरत आले. सुट्टीत महिनाभर गावी गेलो म्हणून कधी वजा करून मागितला नाही. आणि गावकीचं काय? पालखीची वर्गणी चुलीमागे असते. घर बंद असो की उघडं, शिमग्याला या की न या, वर्गणी पोचती करतोच. कारण नाही दिली तर पालखी दारावरून पुढे जाईल ही भीती. देवाला जे कळतं ते पंपाला का लावू नये?

अर्थात गावाचंही सगळं बरोबर असतं असं नाही. बंद घरांना सरसकट दुप्पट लावायची सूचना मध्यंतरी ग्रामसभेत आली होती. 'मुंबईकरांकडे पैसा आहे' हे त्यामागचं एकमेव कारण. मला ते मान्य नाही. मुंबईकर म्हणजे नाल्याकाठच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाराही असतो, आणि रोपवाटिका करून दिवसभर नळ सोडणारा गावातही असतो. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आल्यावर घरोघरी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप ठरलं. माझं म्हणणं, तेवढ्यापुरता दर कमी आणि सगळ्यांना सारखा ठेवा, त्याच्या वर मार्च ते मे या तीन महिन्यांत चढा दर लावा, मग घर कुणाचंही असो. त्यासाठी मीटर लागेल. मीटरला गावात विरोध आहे आणि तो मुंबईकरांचा नाही.

असो. थकबाकीवर परत येतो. भरायची हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं, हात जोडणाऱ्यानेही. मग प्रश्न आला की चार भावांत वाटणी कशी करायची. डोंबिवलीचे काका म्हणाले, सरळ चार वाटे. आत्याचा मुलगा म्हणाला, आईचा वाटा कुठे आहे, आम्ही पाहुणे. पुण्याची काकी म्हणाली, आम्ही तीन वर्षांत एकदाही गेलो नाही, तुम्ही दर मेला बारा जण जाता, जितके दिवस तितके पैसे. काकांनी लगेच उत्तर दिलं, "अगं, घर सगळ्यांसाठी उघडं ठेवायला खर्च येतोच ना? राहा की न राहा."

मी काही बोललो नाही. सध्या पूर्ण रक्कम मी दादाला पाठवली आहे आणि त्याने पावतीचा फोटो ग्रुपवर टाकलाय. मेमध्ये कोण कोण येणार ते या आठवड्यात कळवा, दादाला टाकी धुवून घ्यायची आहे.