उभयचरांतील वार्धक्य

वय वाढेल तसा मृत्यूचा धोका वाढणे आणि प्रजननक्षमता घटणे म्हणजे वार्धक्य. उभयचरांत त्याचा वेग जातीनुसार बदलतोच. शिवाय एकाच जातीच्या निरनिराळ्या वन्य समष्टींतही तो वेगळा असतो. हे प्राणी शीतरक्ती असल्याने तापमानाचा प्रभाव मोठा असतो. थंड किंवा उंच प्रदेशात वाढ सावकाश होते व प्रौढत्व उशिरा येते. यूरोपातील सामान्य बेडूक व सामान्य भेक यांच्या उष्ण भागांतील समष्टींत वार्धक्य लवकर येते आणि आयुर्मान घटते.

वय ठरविण्यासाठी बोटाच्या हाडाच्या छेदातील रेषा मोजतात. हिवाळ्यात वाढ थांबल्यामुळे साधारणतः दरवर्षी एक रेषा उमटते. वार्धक्याचा वेग काढण्यासाठी मात्र खुणा केलेले प्राणी वर्षानुवर्षे पुन्हा पकडून नोंदी ठेवाव्या लागतात. उभयचर व सरीसृपांच्या ७७ जातींच्या १०७ वन्य समष्टींची अशी तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. काही बेडूक-भेकांत वार्धक्य जवळजवळ नगण्य आढळले. कवच, विष यांसारखे संरक्षण असलेल्या जातींत ते मंद दिसले. भक्षकांपासून बचाव झालेले प्राणी दीर्घकाळ जगतात, त्यामुळे उतारवयातही टिकविणाऱ्या गुणांची निवड होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. यूरोपातील गुहावासी ओल्म हा सॅलॅमँडर १०० वर्षांहून अधिक जगू शकतो, असा अंदाज आहे.