तळटीप : ‘विचारांवरचे उपचार’

मूळ मजकुरातला हा शब्दप्रयोग कॉग्निटिव्ह थेरपीसाठी आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक (१९२१–२०२१) यांनी ती १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसाठी घडवली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्याआधीची, १९५५ची; ती मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी.

त्या मजकुरातलं उदाहरण बिरवाडी गावातलं आहे, म्हणून थोडं सविस्तर. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकात विंचूदंशाचे रुग्ण पाहिले. लाल विंचवाच्या विषाने दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते. पुढे प्राझोसिनच्या गोळीने कित्येक जीव वाचले. पण नुसत्या भीतीनेही अंग असंच घामेजतं. पेंढा उचलताना बोटाला काही टोचलं, तर आधी दवाखानाच गाठायचा, यात दुमत नाही. मात्र सगळं ठीक झाल्यावर, महिन्यांनंतरही पेंढ्याला हात लावताच छाती धडधडते आणि ‘आता मी काही वाचत नाही’ असं वाटतं, तेव्हा हे विचारांवरचे उपचार कामी येतात. उपचारक तो विचार वहीत लिहायला लावतो, त्याचा पुरावा रुग्णाबरोबर तपासतो, मग आधी एक काडी, नंतर मूठभर, असा पेंढा हातात घ्यायला लावतो. ‘मनात आणू नकोस’ हा घरगुती सल्ला म्हणजे हे उपचार नव्हेत. त्या सल्ल्याने आजारी माणूस आणखी एकटा पडतो. नैराश्य तीव्र असेल तर सोबत औषधंही लागतात. — संपा.