काय भाव शे, भाऊ?

१८६४ चा जानेवारी आहे. तुम्ही एरंडोलहून जळगावला निघालेल्या बैलगाडीत रुईच्या पोत्यांवर बसला आहात. अंगावर घोंगडी, पुढे-मागे गाड्यांची रांग आणि अंजनीकाठचं गाव मागे पडलेलं. ही रुई घरच्या बायकांनी रेच्यावर सरकी काढून तयार केली आहे. गाडीवान आबा रात्रभर एकच हिशेब करतोय: गेल्या साली काय मिळालं, औंदा काय मिळेल. पाळधी मागे टाकून तुम्ही बांभोरीशी येता. बैल गिरणेच्या पात्रात उतरतात, चाकं वाळूत रुततात, चार माणसं खांदा लावतात. उजाडताना जळगाव दिसतं.

काही वर्षांपूर्वी हे साधं गाव होतं. आता इथे रेल्वे आली आहे आणि मुंबईच्या पेढ्यांची माणसं उतरली आहेत. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आबा गाडी सोडता सोडता पहिल्या भेटलेल्या अडत्याला विचारतो, "काय भाव शे, भाऊ?"

अडत्या तोंडाने आकडा सांगत नाही. तो रुमाल पसरतो, त्याखाली आबाचा हात धरतो आणि बोटं दाबतो. आबाचा चेहरा बदलतो. हत्त्यावर, म्हणजे असा रुमालाखाली, ठरलेला हा भाव त्याच्या बापाने जन्मात ऐकला नसता.

हा भाव जळगावात ठरलेला नाही, मुंबईतही नाही. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्याच बंदरांतून यायचा. तो अडला आणि मँचेस्टरच्या आसपासचे लाखो कामगार घरी बसले. मग विलायतेला आपला कापूस आठवला. पश्चिम हिंदुस्थानातला सगळा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'सुरत' या नावाने ओळखला जाई. त्याचा धागा आखूड, त्यात काडीकचरा फार, म्हणून तिथले कामगार त्याला शिव्या द्यायचे. युद्धाआधी पौंडाला चार-पाच पेन्सांत मिळणारा हाच 'सुरत' आता वीस पेन्सांच्या पलीकडे गेला आहे. तुमच्या गाडीतली पोती तीच आहेत, धागाही तितकाच आखूड. फक्त हजारो मैलांवरच्या समुद्रात जहाजं आडवी उभी आहेत.

जळगावहून तुम्ही गाठींसोबत मुंबईला निघता. इगतपुरीला सगळा माल गाडीतून उतरवावा लागतो, कारण थळ घाटातला रेल्वेमार्ग अजून पुरा झालेला नाही. तो जानेवारी १८६५ मध्ये खुला होईल. तोवर गाठी बैलगाड्यांत घालून कसाऱ्यापर्यंत घाट उतरायचा आणि तिथे पुन्हा रेल्वेत चढवायच्या. सरकारला रस्ता, रूळ आणि कापूस यांची एवढी घाई अचानक का झाली, हे या घाटात नीट कळतं. भेसळ रोखायलाही १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापूस-फसवणुकीचा खास कायदा केला आहे. रुईत पाणी मारणं, सरकी मिसळणं हे गुन्हे ठरले आहेत. रयतेच्या कर्जाची, जोखमीची काळजी घेणारा कायदा मात्र एवढ्या तातडीने झालेला नाही.

मुंबई वेडी झाली आहे. कापसाचा पैसा शेअरांत चालला आहे. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पुढे पन्नास हजारांच्या अधिमूल्याने विकला जाईल. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव प्रत्येक सौद्यात आहे. गाद्या उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या, शेतकऱ्याने गाडीच्या चाकाला चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तुमच्या कानांवर पडतात. त्यांतल्या खऱ्या किती हे विचारायला कोणी थांबत नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, आबाला नाही. तो एरंडोलला परत गेला की ज्वारीचं रान मोडून तिथे कापूस लावणार आहे. शेजारीही तेच करणार आहेत. दाणे महाग होतील, आणि कापूसवाला हातातले रुपये देऊन तेच दाणे विकत घेईल. सावकार आता हसून कर्ज देतोय, कारण तारणात असलेल्या शेताची किंमतच वाढली आहे.

९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियात दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण जातो. बातमी मुंबईला पोचायला काही आठवडे लागतात, पण भाव पडायला तितके दिवसही लागत नाहीत. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांची देणी चुकवण्याचा दिवस. त्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बसतात. प्रेमचंद रायचंद दिवाळखोरीत जातात, बँक ऑफ बॉम्बे डबघाईला येते आणि १८६८ मध्ये गुंडाळली जाते. तेजीत फुगलेल्या जळगावच्या बाजारालाही भाव एकदम कोसळल्याचा जबर फटका बसतो.

मुंबईचे व्यापारी दिवाळं काढून मोकळे होतात. आबाला ती सोय नाही. चढ्या भावावर घेतलेलं कर्ज उतरलेल्या भावातून फेडायचं आहे, आणि सारा रोखीत भरायचा आहे.

एरंडोलला परत या. गावात कागद करणारे कारागीर आहेत. जाडाभरडा, टिकाऊ देशी कागद ही एरंडोलची जुनी ओळख. जुनं तागट आणि दोरखंड भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून लगदा केलेला आहे. कारागीर हौदात साचा बुडवतो, हलवून वर काढतो, ओला ताव अलगद सोडवतो. वाळल्यावर तो दगडाने घोटून गुळगुळीत केला जातो. अशाच देशी कागदाच्या वह्यांवर सावकारांचे हिशेब चालतात.

आता एक नाव लक्षात घ्या: सर चार्ल्स वुड. मराठी वाचकाला हे गृहस्थ १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यामुळे माहीत आहेत. १८५९ ते १८६६ ते लंडनमध्ये भारतमंत्री होते, म्हणजे कापसाच्या सगळ्या धांदलीत लँकेशायरचे गिरणीमालक ज्यांच्या दारात उभे होते ते हेच. हिंदुस्थानातून कापूस आणा, रस्ते बांधा, बियाणं सुधारा, असा रेटा त्यांच्यावर होता. याच वुड यांनी हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच घ्यावा असा हुकूम काढला, आणि त्याने देशातला कागदाचा धंदा फार मागे ढकलला. जो माल विलायतेला कच्चा हवा होता त्याला वाट मिळाली, जो विलायत स्वतः विकत होती त्याची वाट बंद झाली. एकाच दफ्तरातून निघालेल्या धोरणाचे हे दोन परिणाम एरंडोलच्या दोन गल्ल्यांत उभं राहून पाहता येतात.

१९०८ मध्ये उतरा. गाव बारा हजारांच्या आसपास वस्तीचं, जवळचं रेल्वे स्टेशन नऊ मैलांवर म्हसावदला. सरकी काढायला आता जिन आले आहेत, रेचे अडगळीत गेले आहेत. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन दोन वर्षं झाली आहेत. सरकारी गॅझेटियरात एरंडोलच्या व्यापाराच्या मालांची नावं आहेत: कापूस, नीळ, धान्य. कागद अजून थोडाफार होतो, असाही शेरा आहे.

निळीकडे बघा, ती फार दिवसांची सोबती नाही. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. कारखान्यातला रंग स्वस्त आणि दर वेळी एकसारखा. शेतातल्या निळीचा निभाव लागणार नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर देशभरात निळीचं पीक जवळजवळ संपलं. कागदाला हुकुमाने मारलं, निळीला शोधाने. दोन्ही निर्णय परदेशात झाले.

कापूस उरला. त्याच्यावर गिरण्याही उभ्या राहिल्या: जळगावात खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल. पण १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता, लँकेशायरच्या कापडाला स्पर्धा नको म्हणून. तो १९२५ च्या अखेरीस थांबला. चार वर्षांत जागतिक मंदी आली आणि भाव पुन्हा आपटले.

आता १९८० च्या दशकात या. तुम्ही कापूस खरेदी केंद्राबाहेर रांगेत आहात आणि रात्र गाडीखाली काढली आहे. १९७१ च्या कायद्यानंतर राज्यात एकाधिकार खरेदी सुरू झाली: महाराष्ट्रातला कापूस सरकारने घ्यायचा, खाजगी व्यापाऱ्याने नाही. हेतू चांगला होता. जगाच्या भावाचे धक्के राज्याने झेलावेत आणि शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळावा. ज्या साली बाहेर भाव पडलेले, त्या साली रांग मैलभर लांबते. ज्या साली बाहेर भाव चढलेले, त्या साली कापूस रात्रीतून गुजरात, मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडे जातो. ग्रेडर मूठभर कापूस काढून प्रत सांगतो. त्याच्या एका शब्दाने क्विंटलमागे पैसे घसरतात. माल दिल्यावर चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने थांबा. रांगेत शेजारचे नाना म्हणतात, "पहिले व्यापारी लुटे, आते कागद लुटस." तोटा साचत गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला खाजगी व्यापाराला पुन्हा दार उघडलं. तोवर १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली होती, आणि अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरांचं अनुदान देत होती. ब्राझीलने त्याविरुद्ध दाद मागितली आणि ते प्रकरण जिंकलंही.

मार्च २०११. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आहे. असा भाव अमेरिकन यादवीनंतर पाहिला नाही, असं जगभरची वर्तमानपत्रं लिहितात. म्हणजे आबाच्या रुमालाखालचा तो क्षण पुन्हा आला आहे. फरक एवढाच की या वेळी केंद्र सरकारने निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा घातली आहे, देशातल्या गिरण्यांना कापूस महाग पडू नये म्हणून. पुढच्या साली, ५ मार्च २०१२ ला, तर निर्यातच बंद केली जाते. आरडाओरड झाल्यावर आठवडाभरात बंदी मागे घेतात. लिंकन यांची नाकेबंदी बंदुकीच्या धाकाने होती, ही अधिसूचनेने होती.

शेवटचा मुक्काम, २०२५. आबाच्या नातवाचा नातू दादा एरंडोल तालुक्यात कपाशी लावतो, बियाणं बीटी, खत उधारीचं. मेअखेरीस हमीभाव जाहीर झाला आहे: लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये. त्यावर हिशेब मांडून जूनमध्ये पेरणी झाली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर नेलं. तिरुपूर, सुरतेचे कापडवाले हवालदिल झाले. त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कपाशी तेव्हा शेतात उभी होती. वेचणी होऊन घरात कापूस आला तो नेमका या सवलतीच्या महिन्यांत.

तुम्ही दादाच्या ओट्यावर बसला आहात. खेडा खरेदीवाला व्यापारी वजनकाटा घेऊन दारात आला आहे आणि हमीभावाच्या खालचा आकडा सांगतोय, रोख देतोय. सरकारच्या कापूस महामंडळाला, सीसीआयला, घालायचा तर मोबाईलच्या अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, दिलेल्या दिवशी केंद्रावर गाडी. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी, बाराच्या वर गेला की माल परत. पावसाने कापूस भिजलेला आहे आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर आहे. दादा विचार करतो आणि व्यापाऱ्यालाच देतो.

त्याच्या खिशातला फोन न्यूयॉर्कचा भाव सेकंदात दाखवतो. त्याच्या पूर्वजाला लीच्या शरणागतीची बातमी आठवड्यांनी कळली होती. तेव्हा कर्ज त्याचंच फुगलं होतं, आणि आज उधारी याचीच थकली आहे. बातमी लवकर मिळून भागत नाही. तिच्यावर काही करता येण्याची ताकद लागते. मुंबईच्या पेढीवाल्याकडे ती होती. आजच्या गिरणीवाल्याकडे संघटना आहे, दिल्लीत शब्द टाकणारी माणसं आहेत. एकदा जमिनीत बी टाकलं की कापूसवाल्याकडे पुढचे सहा महिने वाट पाहण्यापलीकडे काही नसतं.

जगाचा भाव एरंडोलमध्ये ठरणार नाही, हे मान्य. युद्धं, मंदी, परदेशाची शुल्कं आपल्या हातात नाहीत. आयातशुल्क आणि निर्यातबंदी मात्र आपल्याच सरकारच्या हातात आहे. भाव चढला की निर्यात थांबवायची आणि कापडवाला अडचणीत आला की शुल्क काढायचं, हे हंगामाच्या मध्ये होत राहिलं, तर हमीभाव हा आकडा फक्त पेरणी करायला लावण्यापुरता उरतो. तेव्हा मागणी एकच आणि साधी आहे: जून उजाडण्याआधी शुल्क आणि निर्यात यांचं धोरण हमीभावासोबतच जाहीर करा, आणि शेवटची वेचणी होऊन कापूस विकला जाईपर्यंत ते बदलू नका. मध्येच बदलावं लागलं, तर जेवढी सवलत गिरणीला तेवढी भरपाई शेतकऱ्याला द्या.