‘शू’ : एका हाकाटीची कुळकथा

अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर चिमण्या उतरल्या, की आपण ‘हुश् हुश्’ करतो. उंबऱ्याशी आलेल्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणतो. कोंबड्या-पाखरे हाकलण्यासाठी इंग्रजांपाशी असाच एक शब्द आहे : ‘शू’. इंग्रजी लेखनात तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. पुढे सतराव्या शतकात त्याचे क्रियापदही झाले.

पायातल्या ‘शू’शी त्याचा उच्चार जुळतो. त्यामुळे बूट भिरकावण्यावरून हा शब्द आला असावा, असे कोणासही वाटेल. कोशकार मात्र हे नाते मानीत नाहीत. त्यांच्या मते हा कोणत्याही धातूपासून साधलेला शब्द नव्हे. तो माणसाच्या मुखातून सहज निघालेला उद्गार होय. दातांमधून जोराने सोडलेला श्वास, एवढेच त्याचे मूळ भांडवल. म्हणूनच इटालियन माणूस कोंबड्यांना ‘शो’ म्हणतो आणि प्राचीन ग्रीक ‘सू’ म्हणत असे. या भाषांनी तो एकमेकींपासून उसना घेतला, असे मानण्याचे कारण नाही.

हा ग्रीक ‘सू’ आपल्याला ॲरिस्टोफनीसच्या ‘गांधीलमाश्या’ या नाटकात भेटतो. इ. स. पूर्व ४२२ मध्ये अथेन्समध्ये ते रंगभूमीवर आले. न्यायसभेत बसण्याचे वेड लागलेल्या बापाला मुलाने घरात कोंडले आहे. म्हातारा चिमणीसारखा छपरातून निसटू पाहतो, तेव्हा मुलगा ‘सू, सू’ करून त्याला मागे हटवतो. प्रेक्षकांना हसविण्यासाठीच हा प्रसंग रचलेला आहे. पण पाखरांसाठीचा उद्गार माणसावर उलटला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या मराठीतही कुत्र्याच्या ‘हाड’वरून माणसाची ‘हाडतूड’ झालीच ना!

हाकलणे हे मुळात पाप नव्हे. परमेश्वराशी होणाऱ्या कराराच्या वेळी अर्पणावर झडप घालणाऱ्या हिंस्र पक्ष्यांना अब्रामाने हाकलले (उत्पत्ती १५:११). राखण्यासाठी हाकलावेच लागते. परंतु लोकांनी बालके आणली, तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावले. आक्रोश करणाऱ्या कनानी स्त्रीला ‘पाठवून द्या’ अशी विनंतीही त्यांनीच केली. बालकांच्या वेळी तर प्रभू येशू शिष्यांवर रागावला (मार्क १०:१४).

‘शू’ काय किंवा ‘हाड’ काय, या शब्दांत कोणाचे नाव नसते. समोर कोण आहे, हे त्यांना ठाऊक करून घ्यायचे नसते. समोरची जागा रिकामी झाली, की त्यांचे काम संपते. पाखरांच्या बाबतीत त्यात वावगे काही नाही. पण दारी आलेला भिकारी, मंदिराच्या शेवटच्या बाकावर बसलेला अनोळखी मनुष्य, घरातले वृद्ध आईवडील यांना आपण शब्दाने नसेल, तर नजरेने कितीदा ‘शू’ म्हणतो? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते (१०:३). मेंढरांनाही नाव आहे, मग माणसांना का नसावे?