रिकामे घर, शाबूत भिंती

लिथियमचा इतिहास खाणीपासून सांगायची रीत आहे. मी तो १९८१च्या एका पेटंटापासून वाचतो. युनियन कार्बाइडच्या (हो, भोपाळचीच ती) हंटर यांनी लिथियम-मँगनीज ऑक्साइड आम्लात धुतले. लिथियम निघून गेले, स्फटिकाचा सांगाडा तसाच उभा राहिला. त्यांना हवी होती बॅटरी. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस जपानी संशोधकांनी तोच सांगाडा इलेक्ट्रोड म्हणून पाण्यात बुडवला. प्रवाह दिला की लिथियम आत शिरते, आकाराने मोठे सोडियम दाराशी अडते. प्रवाह उलटवला की लिथियम बाहेर. समुद्रात लिटरमागे लिथियम जेमतेम ०.२ मिलिग्रॅम, सोडियम १० ग्रॅमहून अधिक. दारावरच्या या पहाऱ्याचे मोल त्यात आहे. मात्र फेरीगणिक थोडे मँगनीजही विरघळते आणि भिंती झिजत जातात.